उघडल्याची तारीख

सूड वाईट असतो, माणसाला आतून पोखरतो, असं शहाणी माणसं सांगतात. सांगू देत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी माझ्या थोरल्या जावेविषयी लिहायला बसले आहे, आणि त्यांची गोष्ट सांगायची तर त्यांनी घेतलेला सूड सांगावाच लागेल. त्यात माझाही हात होता. आम्हा दोघींना त्याचा काडीइतकाही पश्चात्ताप नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे शेवटी क्षमा वगैरे येईल म्हणून कोणी पदर सावरून बसायला नको.

जाऊबाई एकोणीस वर्षं एका वृद्धाश्रमाची कोठी सांभाळत होत्या. मी त्याच आश्रमात स्वयंपाकाला. सत्तर म्हातारी माणसं, दोन मजले, आणि जिन्याखाली एका खिडकीची ती कोठी. तांदळापासून टाचणीपर्यंत सगळं तिथून निघायचं. संध्याकाळी घरी गेलो की पुन्हा आम्ही दोघी एकाच ओट्याशी, कारण नवरे सख्खे भाऊ आणि घर एकत्र. दिवसभर एकमेकींचं तोंड बघायचं आणि रात्रीही तेच. तरी आमचं बरं चाललं होतं, हे जाऊबाईंचं मोठेपण म्हणा नाहीतर माझा सोशिकपणा.

आश्रमात त्यांना सगळे तारीखबाई म्हणायचे. कोठीतली कुठलीही बाटली, डबा, ट्यूब उघडली की त्या तिच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावायच्या आणि त्यावर उघडल्याची तारीख लिहायच्या. कंपनीने छापलेल्या तारखेवर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही, पण ती तारीख बंद बाटलीची, असं त्यांचं म्हणणं.

"बंद बाटली म्हणजे माहेरची पोर," त्या मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. "कितीही दिवस टवटवीत. झाकण उघडलं की सासरी आली. मग बघ कशी भराभर सुकते!"

त्यांचं नाक तर विचारू नका. तेलाच्या डब्याचं झाकण मी उघडायच्या आत त्या दारातून सांगायच्या, "खवट आहे, बाजूला ठेव." डोळ्यांपेक्षा बोटांवर त्यांची भिस्त जास्त. हाताला लावायचं क्रीम दोन बोटांत चोळून बघायच्या. पाणी वेगळं आणि मेण वेगळं झालं की गेलं. फरशी पुसायचं जंतुनाशक जुनं झालं की वास तसाच राहतो पण जोर जातो, म्हणून दर महिन्याला रंगीत चिंधीवर चार थेंब टाकायच्या. रंग उडाला तर ठीक, नाहीतर बाटली मोरीत ओतली. शेकायच्या रबरी पिशव्या ताणून बघायच्या, कारण एकदा एका आजोबांच्या पोटावर जुनी पिशवी फाटली होती. आणि डबा फुगलेला दिसला की मला आधी दोन पावलं मागे सरकवायच्या. "फुगलेला डबा चाखून बघायचा नसतो," त्या म्हणायच्या. "पोटात गेल्यावर तो आपल्याला चाखतो." मीठ, साखर आणि मध एवढ्यांनाच त्यांनी कायमची सूट दिली होती.

तीन वर्षांपूर्वी आश्रमाला नवे सेक्रेटरी आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, तोंडात सतत 'काटकसर'. आम्ही त्यांचं नाव काटकसरसाहेब ठेवलं. काटकसर कुठे हो? म्हाताऱ्यांच्या ताटात आणि औषधात. स्वतःच्या ऑफिसात त्यांनी एक वेगळं कपाट करून घेतलं होतं. ते पाहुण्यांचं कपाट. समितीची माणसं वर्षातून एकदा तपासणीला यायची, त्यांच्यासाठी ताजी बिस्किटं, भारी चहा, काजू, नवा साबण, सगळं त्या आठवड्यात आणलेलं. आपलं ते सोनं, दुसऱ्याचं ते शेण.

एक दिवस त्यांनी कोठीत पाऊल टाकलं आणि नाक मुरडलं. "या चिंध्या काय चिकटवल्यात बाटल्यांवर? कोठी आहे की भंगारचं दुकान?"

"उघडल्याच्या तारखा आहेत, साहेब."

"तारीख कंपनी छापते, बाई. तुम्ही कंपनीपेक्षा शहाण्या का?"

दोन पोरं लावून त्यांनी सगळ्या पट्ट्या खरवडून काढल्या. नवीन फतवाही निघाला: कोणी आजी-आजोबा वारले किंवा मुलाकडे गेले, तर त्यांची उरलेली औषधं फेकायची नाहीत. छापील तारीख बाकी असेल तर कोठीत परत. जाऊबाईंनी त्या दिवशी कोठीतल्या सगळ्या अर्धवट बाटल्या उचलल्या आणि मागच्या अंगणातल्या कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. साहेबांनी खिडकीतून ते बघितलं. जाऊबाई जेवायला गेल्यावर ते स्वतः अंगणात आले, टोपलीतून एकेक बाटली उचलली, रुमालाने पुसली आणि कोठीत नेऊन मांडून ठेवली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी तेव्हा स्वयंपाकघराच्या मागच्या दारात तांदूळ निवडत बसले होते. आमची नजरानजर झाली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि मी मान खाली घालून तांदूळ निवडत राहिले.

आता मास्तरीणबाईंविषयी सांगते. त्या पस्तीस वर्षं शाळेत शिकवून आश्रमात आलेल्या. एक डोळा लहानपणीच्या आजारात गेलेला, पण दुसरा असा तीक्ष्ण की डाळीतला खडा माझ्या आधी त्यांना दिसायचा. रोज दुपारी चारला मोठ्या खोलीत त्या वर्तमानपत्र वाचायच्या, मोठ्याने, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, वाटेत बातमी लिहिणाऱ्याच्या चुका काढत. कोणी पेंगलं तर नाव घेऊन उठवायच्या. निम्म्या आश्रमाला स्वतःला वाचता येईना, त्यामुळे चार वाजता खुर्च्यांवरून भांडणं व्हायची. डोळा कोरडा पडतो म्हणून डॉक्टरांनी त्यांना दिवसातून तीनदा थेंब घालायला सांगितले होते. जाऊबाई चार आठवडे झाले की बाटली बदलायच्या, थेंब उरलेले असोत की नसोत.

टोपलीतून परत आलेल्या बाटल्यांतली एक त्यांच्या वाट्याला आली. जाऊबाई त्याच दुपारी ताप भरून घरी गेल्या आणि दोन दिवस आल्या नाहीत, आणि नर्सने मांडणीवर हाताला लागली ती बाटली दिली. कोणाची होती, कधी उघडली होती, तिला कसं कळणार? पट्ट्या तर खरवडलेल्या. आठवड्यात डोळा लाल झाला, मग पू आला, मग मोठ्या दवाखान्यात नेलं. डोळा वाचला, पण दृष्टी गेली. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

समितीने चौकशी केली. चौकशी कसली, साहेब बोलत होते आणि समिती ऐकत होती. कोठी जाऊबाईंच्या ताब्यात, म्हणून दोष जाऊबाईंचा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मला बोलावलं आणि विचारलं, "तुम्ही काही पाहिलंत का?" साहेब समोर बसले होते. माझ्या नवऱ्याला तेव्हा काम नव्हतं. मी म्हणाले, "मी स्वयंपाकघरात असते, मला काही माहीत नाही." मी मूग गिळले. नंतर घशाखाली घास उतरत नव्हता, पण त्या दिवशी मूग गिळले.

जाऊबाईंना काढलं. कारण लिहिलं 'निष्काळजीपणा', आणि ते पत्र साहेबांनी येता-जाता दिसेल असं जिन्याजवळच्या फळ्यावर लावलं. नोकरी गेली त्याचं जाऊबाईंना फार वाटलं नाही. पण त्या मास्तरीणबाईंना भेटायला गेल्या, तर मास्तरीणबाईंनी आवाज ओळखून तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाल्या, "तुझ्या हातून असं व्हावं? जा इथून." एकोणीस वर्षं डोळ्यांत तेल घालून जपलेलं नाव, ते त्या एका वाक्याने गेलं. जाऊबाई घरी आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी खोटं बोलले हे त्यांना कसं कळलं कोण जाणे, पण कळलं. चोराच्या मनात चांदणं, माझ्याच तोंडावर दिसत असेल. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. एक ओटा, एक मोरी, आणि दोन महिने एक शब्द नाही! सगळं पोरांमार्फत. "काकूला सांग, तिच्या पिठात जाळी धरली आहे." "काकूला सांग, तिच्या डोक्याच्या तेलाला खवट वास येतोय, वापरायचं तर वापर म्हणावं." माझी पावडर, माझं क्रीम, माझं काजळ, एकेक उचलून त्या बोटांत चोळायच्या आणि मला दिसेल असं कचऱ्यात टाकायच्या. एकदा माझ्या लग्नातली अत्तराची कुपी गेली. नवरा म्हणाला, "अगं बोल की काहीतरी!" काय बोलणार? माझाच शिळा माल होता तो.

शेवटी एका सकाळी मीच त्यांच्या पुढ्यात जाऊन बसले. म्हणाले, "जाऊबाई, मारा मला. पण बोला. मी पाहिलं होतं. सगळं पाहिलं होतं."

त्या म्हणाल्या, "तुला मारून काय मिळणार? मला तो हवा आहे." असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "त्याने सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने कबूल करायला हवं. तू सांगितलंस तर म्हणतील, जावेची बाजू घेते. आधी तू मास्तरीणबाईंना खरं सांग. मग बघू."

मी दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं. टोपली, रुमाल, ओठांवरचं बोट. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "तसल्या बाटल्या अजून आहेत कोठीत?"

"आहेत. पाच-सहा. साहेब म्हणतात मुदतीत आहेत."

"एक माझ्या उशाशी आणून ठेव. आणि तारीखबाईला सांग, मी चुकले. भेटायला ये म्हणावं. समिती कधी येतेय?"

समिती आठ दिवसांनी यायची होती. ते आठ दिवस घरात जाऊबाई मला कामं सांगत होत्या आणि मी ऐकत होते, नव्या नवरीसारखी. बेत साधा होता. पाहुण्यांच्या कपाटातला सगळा माल वर म्हाताऱ्यांना वाटायचा, आणि म्हाताऱ्यांचा माल पाहुण्यांपुढे ठेवायचा. विष नाही, काही नाही. साहेबांनी स्वतः तपासून 'चांगला आहे' म्हटलेला माल. कुठल्या मांडणीवर काय आहे ते जाऊबाईंना घरबसल्या पाठ होतं. "तिसऱ्या फळीवर उजवीकडे काजू. उन्हाळ्याच्या आधी उघडलेत. फुगलेल्या डब्यांना हात लावू नकोस, कोणाच्या जिवावर उठायचं नाहीये आपल्याला. फक्त चव दाखवायची आहे."

तपासणीच्या दिवशी सकाळी मी आजी-आजोबांना भारी चहा आणि ताजी बिस्किटं वाटली. एक आजोबा म्हणाले, "आज कोण मेलं?" अकराला समिती आली: अध्यक्षीणबाई, दोन सदस्य आणि एक डॉक्टर. मी ट्रे नेला. चहाला रंग होता, वास नव्हता. दुधाच्या पावडरच्या गुठळ्या वर तरंगत होत्या. जाड्या सदस्यांनी तीन काजू एकदम तोंडात टाकले आणि चेहरा असा केला की मला पदर तोंडाला लावावा लागला. अध्यक्षीणबाईंनी हात धुतले आणि क्रीमची बाटली दाबली, तर आधी पिवळं पाणी आणि मग एक गोळा त्यांच्या बांगडीवर पडला.

साहेब माझ्यामागून स्वयंपाकघरात धावत आले. "हे काय आणलंस? पाहुण्यांचं कपाट कुठे गेलं?"

"चुकून वर वाटलं गेलं, साहेब. पण हे कोठीतलंच आहे, रोजचं. तारीख बघा ना, अजून बाकी आहे."

तेवढ्यात अध्यक्षीणबाई हात धुवायला तिथेच आल्या. "इथल्या लोकांना हेच देता का तुम्ही?"

काय बोलावं? नासकं म्हणावं तर आपणच देत होतो, चांगलं म्हणावं तर प्यावं लागतं. साहेबांनी ताठ मानेने सांगितलं, "मॅडम, सगळं मुदतीत आहे. छापील तारीख तपासल्याशिवाय इथे कोणाला काही मिळत नाही." आणि ते दाखवायला स्वतः तो चहा एका दमात प्याले, गुठळ्यांसकट. मी तो घोट डोळे भरून पाहिला.

मग सगळे मोठ्या खोलीत आले. मास्तरीणबाई खुर्चीत बसल्या होत्या, काळा चष्मा लावून. शेजारी जाऊबाई, भेटीची वेळ होती म्हणून आलेल्या. त्यांना बघून साहेबांच्या कपाळावर आठी पडली, पण समितीसमोर हाकलणार कसं?

"सेक्रेटरी, इकडे या," मास्तरीणबाई म्हणाल्या. वर्गातल्या पोराला बोलवावं तसं. साहेब गेले. मास्तरीणबाईंनी उशाशी ठेवलेली ती बाटली पुढे केली. "हे माझ्या डोळ्यात घालायचे थेंब. तुमच्या कोठीतले. तारीख वाचा मोठ्याने. मला आता वाचता येत नाही."

साहेबांनी वाचली. आठ महिने बाकी होते.

"म्हणजे चांगले आहेत?"

"हो, अगदी मुदतीत आहेत."

"मग एक थेंब तुमच्या डोळ्यात घाला."

खोलीत सत्तर माणसं होती, सगळ्यांच्या माना साहेबांकडे वळल्या. साहेब हसले. मग हसू गेलं. बाटली त्यांच्या हातात होती आणि हात वर जात नव्हता.

"घाला की," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "चहा प्यालात ना?"

"मॅडम, पण ही उघडलेली बाटली आहे!" साहेब एकदम ओरडले. "कधी उघडली, कोणी वापरली, कुणास ठाऊक!"

जाऊबाई उठल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "तेच मी पट्टीवर लिहीत होते, साहेब. तुम्ही ते खरवडलंत."

मग माझीही जीभ सुटली. मी सगळ्यांसमोर सांगितलं, टोपलीतून बाटल्या कोणी काढल्या, कोणी पुसल्या, कोणी परत ठेवल्या. "चौकशीत मी खोटं बोलले," म्हणाले. "मला काढायचं तर काढा, पण आधी यांना काढा." डॉक्टरांनी बाटली साहेबांच्या हातातून घेतली, उजेडात धरली आणि वर न बघता विचारलं, "अशा अजून किती आहेत?" साहेबांची पाचावर धारण बसली होती. शर्टाच्या खिशातली दोन्ही पेनं खाली पडली आणि ती उचलायला ते वाकले, तेव्हा एका आजोबांनी टाळी वाजवली. एकच. मला ती फार आवडली.

साहेबांना महिन्याच्या आत काढलं. जाऊबाईंना समितीने परत बोलावलं तर त्या लगेच गेल्या नाहीत. आधी माफीचं पत्र लिहून घेतलं, त्यात 'निष्काळजीपणा सेक्रेटरींचा' हे शब्द घालायला लावले, आणि ते त्याच फळ्यावर स्वतःच्या हाताने लावलं. साहेब एकदा घरी आले होते, हात जोडून, दुसरीकडे नोकरी मिळेना म्हणून. दोन ओळी लिहून द्या म्हणाले, की माझा हेतू वाईट नव्हता. जाऊबाईंनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणाल्या, "मास्तरीणबाईंकडून लिहून आणा. त्यांना दिसायला लागलं की त्या लिहितील." आणि दार लावून घेतलं. दारामागे उभ्या राहून त्या हसत होत्या. मीही हसले.

एवढ्यावर सगळं फिटलं असं मला वाटत होतं. पण परवा दुपारी मी मास्तरीणबाईंना पेज भरवत होते. त्यांनी चमचा थांबवला आणि हळूच विचारलं, "त्या दिवशी बाटली हातात घेतल्यावर त्याचा चेहरा कसा झाला होता गं? सगळ्यांनी पाहिला. मलाच तेवढा दिसला नाही."

मी पेजेचा वाडगा खाली ठेवला आणि सांगितलं. घाम कुठे आला, ओठ कसा थरथरला, नजर कुठे पळाली. त्या तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होत्या. काल त्यांनी पुन्हा विचारलं, आज सकाळीही विचारलं. जाऊबाई आणि मी पाळीपाळीने सांगतो, आणि दर वेळी थोडं जास्त तिखटमीठ लावतो.